डबी गप्प का पडायची

लांज्याच्या मैदानावर त्या रविवारी चारेकशे माणसं जमली होती आणि महेंद्र खामकर जवळजवळ दोन वर्षांनी पुन्हा माईकसमोर बसला होता. बसला होता म्हणजे चाकाच्या खुर्चीतून आणून बसवला होता. त्याचे ओठ हलत नव्हते, जीभ तर नाहीच. तरी मैदानाच्या चारही बाजूंच्या भोंग्यांतून त्याचा आवाज घुमत होता. "गोलंदाज निघालाय, चेंडू आखूड, आणि फलंदाजानं उचललाय, उचललाय, थेट नारळाच्या शेंड्यावर! मंडळी, चेंडूबरोबर नारळही येतोय, झाडाखालच्यांनी डोकी सांभाळा!"

माणसं हसली, शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी येऊन त्याच्या गळ्यात हार घातला. मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली उज्ज्वलाही हसली. टेनिस चेंडूचे सामने आणि नवऱ्याचं समालोचन हे तिनं पंचवीस वर्षं ऐकलं होतं, पण आज तिनं पदर डोळ्याला लावला.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "आज छान बोललात हो."

महेंद्रनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या छातीवरच्या डबीचा हिरवा दिवा थरथरला आणि लाल झाला.

ती थोडा वेळ थांबली. दिवा लालच होता. "चारशे माणसांशी बोलता," ती बाहेर बघत म्हणाली, "आणि माझ्याशी बोलायचं म्हटलं की बंद."

डबी पुन्हा चालू झाली तेव्हा रिक्षा दारात आली होती आणि उज्ज्वला उतरून कुलूप काढत होती.

या डबीचं तत्त्व सांगायला सोपं आहे. आपण बोलतो तेव्हा मेंदूचा एक पट्टा ओठांना, जिभेला, टाळूला, कंठाला हुकूम सोडत असतो. महेंद्रचा तो पट्टा शाबूत होता. पक्षाघातानं तुटली होती ती खालची वाट. हुकूम निघत होते, पोचत नव्हते. पुण्याच्या एका प्रकल्पातल्या डॉक्टरांनी त्या पट्ट्यावर नखाएवढी जाळी बसवली, तिथेच हुकूम पकडले आणि छातीवर लटकवलेल्या काडेपेटीएवढ्या संगणकाकडे पाठवले. त्यावर लिनक्स ही संगणकाचा सगळा कारभार बघणारी प्रणाली चालायची, आणि तिच्यावर एक प्रोग्राम, जो त्या हुकुमांचे शब्द जुळवून ते आवाजात काढायचा. आवाज महेंद्रच्या जुन्या सामन्यांच्या रेकॉर्डिंगवरून बांधला होता. त्यामुळे एक गंमत झाली होती. डबीला साधं बोलणं येतच नसे. "चहात साखर कमी आहे" हे वाक्यसुद्धा शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असल्यासारखं बाहेर पडायचं. सुरुवातीला उज्ज्वला हसून हसून दमायची.

पण डबी पडू लागली. अधूनमधून दिवा लाल व्हायचा, सगळं ठप्प, आणि मिनिटभरानं ती आपोआप उठायची. पाहुण्यांसमोर क्वचितच पडे, पुण्याच्या तपासणीत तर एकदाही पडली नाही. पडायची ती घरात, उज्ज्वला समोर असताना. पहिल्यांदा तिला वाटलं योगायोग. मग वाटलं, घरातल्या वायफायचं काहीतरी असेल. आणि मग तिनं कारणं शोधायचं सोडून दिलं, पण तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. हा मुद्दाम बंद करतो.

तसं नाही, हे महेंद्रला सांगायचं होतं. पण डबी उठेपर्यंत उज्ज्वला दुसऱ्या खोलीत गेलेली असायची, आणि मागून ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

पुण्याहून आफरीन मुजावरचा व्हिडिओ कॉल आला तो गणपतीनंतरच्या आठवड्यात. मूळची मिरजेची ही तिशीची मुलगी डबीतला प्रोग्राम सांभाळणाऱ्या गटात होती.

"काका, तुमच्यासारखीच दुसरी डबी मी इथे टेबलावर महिनाभर चालवून बघितली. पडतच नाही. आणि तुमच्याकडे पडते तेव्हा मागे एकच ओळ राहते. प्रोग्रामनं भलत्याच जागी हात घातला म्हणून लिनक्सनं त्याला मारलं. का घातला, तेव्हा आत काय चाललं होतं, काही कळत नाही."

"म्हणजे मुडदा आहे, पण पंचनामा नाही!" महेंद्रचा आवाज खणखणला.

आफरीन हसली. "अगदी तसंच. पण लिनक्सला पंचनामा येतो. एखादा प्रोग्राम मरतो त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे जे होतं त्याची जशीच्या तशी प्रत ते फाइलमध्ये लिहून ठेवू शकतं. कोअर डम्प म्हणतो आम्ही त्याला. ती फाइल उघडली की प्रोग्राम कुठल्या ओळीवर होता, तिथे कसा पोचला, हातात काय होतं, सगळं दिसतं. फक्त त्या फाइलच्या आकाराची मर्यादा तुमच्या डबीत शून्य ठेवलीय. म्हणजे लिहूच नको. आम्हीच ठेवलीय."

"का?"

"कारण त्या मेमरीत तुम्ही बोललेलंच असतं असं नाही, काका. बोलायचं म्हणून मनात जुळवलेलं आणि मग न बोललेलंही असतं."

उज्ज्वला दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"नको!" डबीतून आवाज आला. नकारही षटकारासारखा वाजला, पण महेंद्रचे डोळे खाली होते.

"काही हरकत नाही," आफरीन म्हणाली. "तुम्हा एकतीस डबीवाल्यांना विचारलं, एकानंही हो म्हटलं नाही. मीही नसतं म्हटलं. फक्त एक सांगून ठेवते. दिवाळीनंतर समिती बसतेय. ज्या डब्या वारंवार पडतात त्या काढून घ्यायच्या असं घाटतंय. आणि डबी काढायची म्हणजे जाळीही काढायची."

कॉल संपल्यावर उज्ज्वला एवढंच म्हणाली, "असं काय आहे हो तुमच्या मनात?"

दिवा लाल झाला. तिनं मान हलवली आणि ती आत गेली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी उज्ज्वला पडली. दुपारची वेळ होती. महेंद्र मागच्या खिडकीशी बसला होता, ती धुण्याची बादली घेऊन मागच्या पायऱ्या उतरत होती. काहीतरी बोलणं चाललं होतं, दळण आणायचं की काय, आणि मध्येच डबी बंद पडली. "झालं!" ती वैतागून म्हणाली, वळली, आणि शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय सटकला. हात अंगाखाली सापडला. हाड मोडल्याचा आवाज महेंद्रनं खिडकीत ऐकला.

ती विव्हळत होती. शेजारच्या बाण्यांचं घर हाकेच्या अंतरावर होतं, आणि महेंद्रकडे हाकच नव्हती. त्यानं मनात सगळी ताकद लावून बाणेवहिनींना हाक मारली, पुन्हा मारली. लाल दिवा. शेवटी त्यानं थोडाफार हलणाऱ्या डाव्या हातानं खिडकीतली भांड्यांची पाटीच ढकलून दिली. पातेली पायऱ्यांवरून घरंगळत गेली आणि त्या खणखणाटानं बाणेवहिनी धावत आल्या. त्यांनी उज्ज्वलाला उठवून बसवलं तेव्हा कुठे डबी जागी झाली, आणि महेंद्र मनात अजून मारतच असलेली हाक मैदानी आवाजात अख्ख्या आळीला ऐकू गेली.

मनगटाला प्लास्टर घालून उज्ज्वला दवाखान्यातून आली तेव्हा महेंद्र म्हणाला, "आफरीनला बोलावलंय. उघडू दे काय उघडायचं ते."

तिनं बऱ्या हातानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

आफरीन विजेच्या एसटीनं आली, पाठीवर सॅक, हातात मिरजेच्या पेढ्यांचा पुडा. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिनं डबीला वायर जोडली आणि काय करते आहे ते दोघांनाही समजावून सांगत राहिली. फाइलच्या आकाराची मर्यादा उठवली. फाइल कुठे लिहायची ती जागा सांगितली. आणि ती लिहिली जातानाच कुलूपबंद होईल अशी सोय केली. कुलपाची किल्ली म्हणजे एक शब्द, जो महेंद्रनं मनात म्हणायचा आणि डबीनं आवाजात काढायचा नाही.

"तो शब्द मलाही कळणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसून उघडाल तेव्हाच फाइल उघडेल. आणि ती या घराबाहेर जाणार नाही. आता फक्त डबी पडायला हवी."

"ती माझ्यासमोरच पडते," उज्ज्वला म्हणाली.

"मग तुम्ही दोघं बोलत बसा. मी बाहेर ओटीवर आहे."

बोला म्हटल्यावर काय बोलणार? दोघं समोरासमोर बसली. उज्ज्वला म्हणाली, सिलिंडर संपत आलाय. महेंद्र म्हणाला, नंबर लावला पाहिजे. मग बाणेवहिनींच्या मुलाचं लग्न झालं, प्लास्टर कधी काढायचं ते झालं. तासाभरानं दिवा लाल झाला. आफरीन पळत आत आली, तिनं बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. फाइल नव्हतीच.

"माझंच चुकलं," थोड्या वेळानं ती कपाळावर हात मारून म्हणाली. "फाटकाचं कुलूप काढलं, आतल्या दाराचं राहिलं. डबी चालू होताना जो भाग या प्रोग्रामला उठवतो, त्याची स्वतःची वेगळी मर्यादा आहे. तीही शून्य. काकू, परत बोलावं लागेल."

"आता काय बोलू? सिलिंडर तर झाला," उज्ज्वला म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी तिघंही हसली.

दुसऱ्यांदा डबी पडायला संध्याकाळ झाली. या वेळी फाइल होती. उज्ज्वला बाणेवहिनींकडे गेली, मुद्दामच. महेंद्रनं डोळे मिटून तो शब्द मनात म्हटला आणि फाइल उघडली.

स्क्रीनवर आकड्यांच्या आणि इंग्रजी अक्षरांच्या ओळी उतरू लागल्या. आफरीन खालून वर वाचत गेली, प्रोग्राम कुठून कुठे आला त्या पावलांवरून मागे मागे. मग तिनं खुर्ची मागे सरकवली.

"काका, दरवाजात आहे गडबड."

"कुठल्या दरवाजात?"

"तुमच्या मनात आलेलं सगळंच बाहेर पडू नये म्हणून आम्ही डबीत एक दरवाजा ठेवलाय. वाक्य जुळतं, दरवाजाशी येतं. तुम्ही आतून सोडलंत तर आवाज होतो. नाही सोडलंत, म्हणजे गिळलंत, तर ते बाजूच्या रांगेत जाऊन बसतं, की पुन्हा लागलं तर पटकन सापडावं. रात्री डबी चार्जिंगला लावली की रांग रिकामी होते. त्या रांगेत सोळा जागा आहेत. आणि सतरावं वाक्य आलं तर काय करायचं ते लिहायचं राहून गेलंय. ते सरळ शेजारच्या जागेवर जाऊन बसतं. तिथे एक पत्ता लिहिलेला असतो, पुढचं काम कुठे आहे त्याचा. तो पुसला जातो. मग प्रोग्राम त्या चुकीच्या पत्त्यावर जातो, तिथे घरच नसतं, आणि असा घुसखोर लिनक्स खपवून घेत नाही." ती थांबली. "तिकडे पुण्यात आम्ही लोकांना वाक्यं वाचायला द्यायचो. दिलेलं वाक्य कोण कशाला गिळेल?"

महेंद्रनं नजर खिडकीकडे वळवली. दिवा हिरवा होता.

"अजून एक गोष्ट बघावी लागेल. त्या सोळा जागांवर खरोखर वेगवेगळी वाक्यं आहेत, की एकच वाक्य चुकून पुन्हा पुन्हा लिहिलं जातंय? त्यावर दुरुस्ती अवलंबून आहे. त्यासाठी ती वाचावी लागतील. तुम्ही नको म्हणालात तर मी दुसरा मार्ग शोधेन. वेळ लागेल, पण शोधेन."

खिडकीबाहेर बाण्यांच्या अंगणात उज्ज्वलाचा आवाज येत होता.

"वाच. पण मोठ्यानं नको."

आफरीननं वाचलं. सगळ्या वाक्यांची सुरुवात जवळजवळ सारखीच होती, पण नुसती नक्कल नव्हती. एखादा शब्द मागे, एखादा पुढे. माणूस एका दारापाशी पुन्हा पुन्हा येतो, कधी उजवा पाय पुढे टाकतो, कधी डावा, आणि परत फिरतो, तसं. एका दुपारी तू म्हणालीस ते मी. तेव्हा तू जे म्हणालीस ना, ते. उज्ज्वला, मला त्या वेळी सगळं. मी ऐकलं होतं, तू.

तिनं स्क्रीन खाली केली.

"वाक्यं तुमचीच आहेत," ती हलकेच म्हणाली. "प्रोग्राम नक्कल करत नाही. दुरुस्ती सोपी आहे. जागा संपल्या की सगळ्यात जुनं वाक्य पुसून टाकायचं. आठवड्यात करून पाठवते. मग डबी पडणार नाही. तुम्ही कितीही वेळा गिळलंत तरी."

हे शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं होतं, पण ते महेंद्रच्या मनात रुतून बसलं.

त्या रात्रीचा स्वयंपाक उज्ज्वलानं एका हातानं केला, आफरीननं भाकऱ्या थापल्या. तव्यावरची भाकरी उलटताना उज्ज्वलानं विचारलं, "बिघाड सापडला म्हणालीस. सोळा जागा म्हणे. असल्या रांगेला सोळाच जागा ठेवणाऱ्या माणसाचं लग्न झालेलं नसणार."

"मीच ठेवल्या होत्या, काकू. आणि नाही झालेलं."

उज्ज्वला हसली, मग गंभीर झाली. "काय होतं गं त्यात?"

"काकू, ते त्यांचं आहे."

"माझ्याबद्दल होतं?"

आफरीन पिठाचा गोळा मळत राहिली. उज्ज्वलानं तवा उतरवला. तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याच्या मनातलं, जे आपल्याला ठाऊक नाही, ते आजच्या बसनं आलेल्या या पोरीला ठाऊक आहे. तिला राग आला, आणि पोरगी चांगली आहे म्हणून तो राग काढायलाही जागा नव्हती. "जेवून घे," ती म्हणाली. "सकाळी लवकरची गाडी आहे तुझी."

आफरीन गेली. त्यानंतरचे दोन दिवस घरात फारसं कुणी बोललं नाही.

महेंद्र विचार करत होता. आठवडा संपला की दुरुस्ती येईल. मग डबी लाल होणार नाही, उज्ज्वला वैतागणार नाही, समिती डबी काढून घेणार नाही. सगळं सुरळीत होईल, आणि ते वाक्य रोज गिळलं जाईल आणि रोज रात्री पुसलं जाईल. कुणाला पत्ताही लागणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वला पुढच्या अंगणात सुपात कुळीथ निवडत होती. चाकाच्या खुर्चीची विजेची कळ डाव्या हातानं दाबत महेंद्र तिच्याजवळ येऊन थांबला.

"उज्ज्वला, दवाखान्यातून मला घरी आणलं, तेव्हापासून पुण्याला जाईपर्यंतचे ते महिने. डॉक्टर म्हणाले होते, याला काही समजत नाही."

आवाज नेहमीसारखाच चढा होता. नाक्यावर उभ्या माणसाला वाटलं असतं, सामना सुरू झाला. उज्ज्वलाचा हात सुपात थांबला.

"मला समजत होतं. सगळं ऐकू येत होतं. पहिल्या दिवसापासून!"

तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. एका दुपारी त्याला पुसून, कपडे बदलून, चादर बदलून झाल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली होती, आणि त्या न हलणाऱ्या माणसाकडे बघत मोठ्यानं म्हणाली होती, सुटलात तर बरं होईल हो. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन. मग ती खूप रडली होती. त्यानंतरही कधी कधी तेच म्हणाली होती. ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून.

"म्हणजे ते..."

"ते ऐकलं. सगळ्या वेळचं ऐकलं."

सूप तिच्या मांडीवरून कललं, कुळीथ जमिनीवर सांडले. तिनं तोंड फिरवलं. "कशाला सांगितलंत मला?" ती म्हणाली. "कशाला हो? मेले असते तर बरं."

"ऐक. मध्ये थांबलो तर परत गिळीन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला. चार दिवस आला. मग विचार केला, इथे येतो तो प्रत्येक माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलतो. होईल बरं, होईल बरं. भिंतीला सांगावं तसं. ही एकटी मला माणूस समजून खरं काय ते सांगते. मी दुपारची वाट बघायचो, उज्ज्वला. तू काय बोलशील त्याची. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. तुझ्या त्या बोलण्याला धरून मी राहिलो."

दिवा हिरवा होता. दुरुस्ती अजून पुण्याहून आलीही नव्हती.

उज्ज्वलानं नाक ओढलं, डोळे पुसले, आणि महेंद्रला अपेक्षित नव्हतं ते केलं. ती भडकली.

"आणि डबी आल्यापासून हे पोटात ठेवून बसलात? मी रोज मरतेय, की हा माणूस सगळ्या गावाशी बोलतो आणि माझं तोंड बघितलं की मशीन पाडतो! मला वाटलं, माझी घाण वाटते याला. माझ्या मनात काय काय आलं माहितीये? भावाकडे निघून जायचं ठरवलं होतं मी दिवाळीनंतर!"

"मला वाटलं तुला लाज वाटेल!"

"मग वाटली असती! माझी लाज मी बघून घेतली असती. तुम्हाला कुणी सांगितलं ती सांभाळायला?"

"तू तरी विचारायचंस सरळ!"

"विचारलं नाही? दारात उभी राहून विचारलं, काय आहे मनात! लाल दिवा दाखवलात!"

"तो मी दाखवला नाही, सतरावं वाक्य..."

"गेलं खड्ड्यात सतरावं वाक्य!"

बाणेवहिनी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, ऐकलं, आणि हसू दाबत परत गेल्या. भांडण चांगलं तासभर चाललं. कधी आईच्या आजारपणापर्यंत मागे गेलं, कधी दुबार भरलेल्या वीजबिलावर आलं. शेवटी उज्ज्वला दमली, तिथेच जमिनीवर त्याच्या खुर्चीला टेकून बसली, आणि तिनं डोकं त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. त्याचा डावा हात हळूहळू सरकत तिच्या केसांपर्यंत आला. सांडलेल्या कुळिथांवर चिमण्या आल्या, त्यांना कुणी हुसकलं नाही.

दिवाळीनंतर दोघं पुण्याला गेली. समितीत डॉक्टर सबनीस होते, प्रकल्पाचे प्रमुख, सावकाश बोलणारे, म्हातारपणाकडे झुकलेले. महेंद्रची डबी काढायचा प्रश्नच उरला नव्हता. दुरुस्ती बसल्यापासून एकतीसही डब्यांपैकी एकही त्या कारणानं पडली नव्हती. प्रश्न पुढचा होता. दुसरे बिघाड शोधायला डम्प सगळ्यांकडे चालू ठेवायचे का, आणि ठेवले तर ते कुणाचे?

"ज्याच्या डोक्यातून आले त्याचे," महेंद्र म्हणाला. "तो शेजारी असल्याशिवाय उघडायचे नाहीत. एवढं लिहून द्या, मग मी सगळ्यांना फोन करून सांगतो, घाबरू नका म्हणून. माझा आवाज ऐकून निम्मे तरी हो म्हणतील!"

टेबलाभोवती हशा पिकला. आफरीननं मान डोलावली.

"एक अडचण राहते," सबनीस म्हणाले. "तो माणूस शेजारी असूनही किल्ली देऊ शकला नाही तर? बेशुद्ध असला, किंवा पुन्हा झटका आला तर? त्याच्या वतीनं दुसरी किल्ली कुणाकडे असावी का? खामकरबाई, तुमचं काय मत? तुम्ही घ्याल?"

सगळ्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. तिनं हात मांडीवर घट्ट धरले.

"नको," ती म्हणाली. "एके काळी मी त्यासाठी काहीही केलं असतं. आता नको. त्यांना सांगायचं असेल ते सांगतील, नसेल ते त्यांचं. माणसाला मनात एक खोली हवी, साहेब, जिथे बायकोसुद्धा न विचारता जाणार नाही."

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. ते पुढच्या मुद्द्याकडे वळणार इतक्यात महेंद्र म्हणाला, "तिला द्या."

"अहो, मी नको म्हटलं ना?"

"ऐकून तर घे. मला परत झटका आला, परत मी तसाच पडून राहिलो, आणि परत कुणी डॉक्टर म्हणाला की याला समजत नाही, तर? तेव्हा ही जाळी तर डोक्यात असेलच. वाक्य बाहेर सोडायची ताकद उरली नाही, तरी डबी पडली की आतलं सगळं डम्पमध्ये उतरेल. त्यात मी असेन की नाही? मी आत आहे, ऐकतोय, एवढं कळायला कुणाकडे तरी किल्ली नको?"

आफरीननं सबनीसांकडे पाहिलं. बिघाड शोधण्याच्या या साधनाचा असाही उपयोग असू शकतो हे त्या दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं, हे दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं. ते सगळे महिने डोक्यात जाळी असती, तर प्रत्येक पडण्याबरोबर एक पत्र लिहिलं गेलं असतं, आतून, जिवंत माणसाच्या हातचं.

उज्ज्वला नवऱ्याकडे बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "त्यासाठी घेते."

"काकू, तुमचा शब्द ठरवा मग," आफरीन लॅपटॉप पुढे ओढत म्हणाली. "टाइप करायचा. कुणाला सांगायचा नाही. काकांनाही नाही."

उज्ज्वलानं थोडा विचार केला. महेंद्रनं मान वळवून स्क्रीनकडे बघायचा प्रयत्न केला, तसा तिनं एका हातानं त्याचे डोळे झाकले आणि दुसऱ्या, नुकतंच प्लास्टर काढलेल्या हातानं एकेक अक्षर शोधत शब्द टाइप केला.